ग्वाल्हेरीस थंडीचा पाय निघत नाही

ग्वाल्हेरीस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी दार उघडावे, तो अंगणात दोन ऋतू एकाच वेळी उभे असलेले दिसतात. आंब्याच्या शेंड्यांवर मोहोराचे कोवळे तुरे डोकावू लागलेले असतात, आणि त्याच झाडाखाली कानांभोवती मफलर गुंडाळलेली चार माणसे शेकोटीवर हात धरून बसलेली असतात. दुपारी ऊन इतके मऊ पडते की, लोकरीचे कपडे पेटीत भरून टाकावेसे वाटतात. आणि रात्री आठ वाजता तेच कपडे त्याच पेटीतून पुन्हा बाहेर निघतात. वसंत आला म्हणावे तर अंगाला थंडी झोंबते, आणि हिवाळा आहे म्हणावे तर झाड ते कबूल करीत नाही.

वसई, पुणे किंवा नाशिक येथील आमच्या वाचकांना ही अडचण कदाचित नवलाची वाटेल. समुद्रकाठी तर फेब्रुवारीची थंडी म्हणजे पहाटेच्या एका शालीपुरती. ग्वाल्हेरची गोष्ट वेगळी आहे. हे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस २६ अंशांवर, समुद्रापासून फार आत, वालुकाश्माच्या उघड्या टेकड्यांजवळ वसलेले आहे. समुद्र जसा आपल्या काठच्या हवेला सांभाळून घेतो, तसे सांभाळणारे येथे कोणी नाही. दगड दिवसा तापतो आणि निरभ्र रात्री झपाट्याने निवतो. जानेवारीत पहाटेचे तापमान सरासरीने ७ अंश सेल्सियसच्या आसपास असते, आणि कडाक्याच्या दिवसांत ते २-३ अंशांपर्यंतही उतरते; मे महिन्यात तेच गाव ४५ अंशांत भाजून निघते. इतक्या दोन टोकांच्या मध्ये वसंताला जागा ती किती मिळणार?

या हवेपुढे राज्यकर्त्यांनाही नमते घ्यावे लागले. १९४८ साली मध्य भारत राज्य स्थापन झाले, तेव्हा हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर, अशी वाटणी ठरली. १९५६ साली ते राज्य मध्य प्रदेशात विलीन झाले, तोपर्यंत ही पद्धत चालू होती. सरकारी दप्तरे दक्षिणेकडे हलणे हेही त्या वर्षांत ऋतुबदलाचे एक चिन्हच म्हणावयाचे.

बरोबर आणलेल्या म्हणी

मराठी माणूस येथे शिंद्यांच्या फौजेबरोबर आला. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी कायमची पडली, आणि त्या छावणीचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. आलेल्या कुटुंबांनी आपल्याबरोबर भाषा आणली, पंचांग आणले, सणवार आणले आणि हवेसंबंधीच्या म्हणीही आणल्या. पण माणसांबरोबर म्हणी येतात, हवा येत नाही. नव्या गावी जुनी म्हण लावून पाहावी लागते, आणि ती कोठे घट्ट, कोठे सैल बसते.

आमच्याकडे अशा दोन म्हणी घरोघर ऐकू येतात. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, ही पहिली. आणि होळी जळाली की थंडी पळाली, ही दुसरी. दोहोंत अंतर अवघे पंधरा-सोळा दिवसांचे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पहिली म्हण पुरते. ग्वाल्हेरीस मात्र जुन्या गृहिणींचा विश्वास दुसरीवर. शिवरात्रीस थंडी ‘शिव शिव’ म्हणते खरी, पण म्हणून झाल्यावर ओसरीवर पुन्हा बसते, असे आमच्या घरातील वडील मंडळी थट्टेने म्हणत.

पंचांगाचेही तसेच आहे. आपल्या गणनेप्रमाणे चैत्र-वैशाख हा वसंत आणि माघ-फाल्गुन हा शिशिर. म्हणजे माघ शुद्ध पंचमीस येणारी वसंतपंचमी मुळात शिशिरातच पडते. २०२६ साली ती २३ जानेवारीस, म्हणजे ऐन थंडीत आली. उलट चैत्र पाडव्याला महाराष्ट्रात झाडे पालवत असतात, तेव्हा ग्वाल्हेरीत उन्हाळा उंबरठ्यावर येऊन ठेपलेला असतो. येथला खरा वसंत या दोहोंच्या मध्ये, फाल्गुनात, जेमतेम महिनाभराचा. तो ओळखावयास डोळे उघडे ठेवावे लागतात.

हिवाळा किती उरला हे एखाद्या दिवशीच ठरवून टाकण्याची हौस मात्र आपल्यापुरतीच आहे असे नव्हे. आपल्या चर्चमध्ये २ फेब्रुवारीस, नाताळानंतर चाळिसाव्या दिवशी, बाळ येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण होतो आणि मेणबत्त्या आशीर्वादित केल्या जातात. युरोपातील शेतकऱ्यांनी या सणाला हवामानाची एक समजूत जोडली: त्या दिवशी स्वच्छ ऊन पडले तर हिवाळा अजून लांबणार, आणि आभाळ आले तर तो सरला. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी ही समजूत बरोबर नेली आणि तेथल्या ‘ग्राउंडहॉग’ नावाच्या, बिळात राहणाऱ्या प्राण्यावर ती बसविली. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील पंक्सटॉनी गावी १८८७ पासून २ फेब्रुवारीस तो प्राणी बिळाबाहेर काढतात. त्याला आपली सावली दिसली तर आणखी सहा आठवडे थंडी, असे मानतात. परदेशी गेलेला जर्मन आणि ग्वाल्हेरीस आलेला मराठी, दोघांनीही जुनी म्हण नव्या मातीत लावली. २०२५ साली तर योग असा आला की, वसंतपंचमी आणि हा मेणबत्त्यांचा सण हे दोन्ही २ फेब्रुवारीसच आले.

सावली पाहून सहा आठवड्यांचे भविष्य सांगता येत नाही, हे सांगणे नलगे. तरीही या समजुतीत अनुभवाचा एक कण आहे. आभाळ ही पृथ्वीची गोधडी होय. ती असली की रात्री जमिनीची ऊब अडून राहते. आकाश निरभ्र असले की ती निघून जाते. स्वच्छ दिवसामागून गारठ्याची रात्र येते, एवढे त्या शेतकऱ्यांनी बरोबर हेरले होते.

फसवा वसंत

ग्वाल्हेरच्या थंडीचे येणे-जाणे कशामुळे होते, हे समजून घेतले म्हणजे तिचा राग येत नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने हवेच्या कमी दाबाचे पट्टे निघतात आणि इराण, अफगाणिस्तान ओलांडून उत्तर भारतात येतात. हवामानशास्त्रज्ञ त्यांना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात. असा विक्षोभ जवळ येऊ लागला की वारा दक्षिणेकडून वाहू लागतो, आभाळ भरते, रात्री उबदार होतात. आपणांस वाटते, झाली, थंडी गेली! मग दोन दिवस भुरभुर पाऊस पडतो. येथले लोक त्याला ‘मावठ’ म्हणतात. विक्षोभ पुढे सरकला की आकाश स्वच्छ होते, आणि हिमालयावर नुकत्याच पडलेल्या बर्फावरून आलेला उत्तरेचा वारा सुटतो. मग गेलेली थंडी दुप्पट होऊन परत येते.

कधी पावसामागून दाट धुके बसते आणि दिवस दिवस सूर्य दिसत नाही. किमान तापमान १० अंशांहून अधिक नसेल आणि दिवसाचे कमाल तापमान नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी खाली राहिले, तर हवामान खाते त्यास ‘शीत दिवस’ म्हणते. त्या दिवसांची ओलसर थंडी हाडांत शिरते. फेब्रुवारीतील उबदार चार दिवस पाहून ज्यांनी रजया उन्हात घालून बांधून ठेवल्या, त्यांची त्या वेळी मोठी फजिती होते. आमचीही एके वर्षी झाली. रजया माळ्यावर, शिडी शेजाऱ्यांकडे, आणि आजी खोकत बसलेली! तेव्हापासून आमच्या घरी होळीपूर्वी रजया बांधावयाच्या नाहीत, असा नियम झाला.

खरी चिन्हे

मग ओळखावे तरी कशावरून? एका उबदार दुपारीवरून नव्हे, हे तर झालेच. जी चिन्हे घाई करीत नाहीत, त्यांच्यावर भरवसा ठेवावा.

सर्वांत विश्वासू चिन्ह म्हणजे दिवसाची लांबी. डिसेंबरच्या अखेरीस येथे दिवस सुमारे साडेदहा तासांचा असतो. फेब्रुवारीच्या अखेरीस तो साडेअकरा तासांचा होतो. आपल्या प्रायश्चित्तकाळाला इंग्रजीत ‘लेंट’ म्हणतात. त्या शब्दाचे मूळ दिवस लांबण्याच्या, म्हणजेच वसंताच्या, जुन्या नावात आहे. हवा फसवील, पण सूर्य आपला नेम चुकवीत नाही. संध्याकाळी दिवा लावण्याची वेळ पुढे सरकू लागली की, जाणावे, वारे फिरले आहे.

दुसरे चिन्ह पक्ष्यांचे. फेब्रुवारीच्या मध्याला तांबट पक्ष्याचे एकसुरी ‘टुक टुक’ ऐकू येऊ लागते. कोकिळ त्याच्या मागून येतो. याच सुमारास पाहुण्या पक्ष्यांची जाण्याची तयारी सुरू होते. सांक नदीवर १९१६ साली बांधलेल्या तिघरा धरणाच्या जलाशयावर आणि मुरैनेकडे चंबळेच्या वाळवंटात हिवाळाभर केशरी रंगाचे चक्रवाक आणि डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस उतरलेले असतात. मार्च सरता सरता ते हिमालयापलीकडे, तिबेट-लडाखच्या बाजूस परत जातात. थंडी गेली की नाही हे त्यांना पंचांग न पाहता कळते.

तिसरे चिन्ह झाडांचे. काटेसावर आपली पाने झाडून टाकते आणि उघड्या फांद्यांवर मोठी तांबडी फुले उमलतात. टेकड्यांवर पळस पेटतो. मग कडुलिंबाची पाने पिवळी पडून गळू लागतात. महाराष्ट्रातून नवीन आलेल्या माणसाला ती पानगळ हिवाळ्याची वाटते. वस्तुतः ती उन्हाळ्याची वर्दी असते.

आणि शेवटचे चिन्ह बाजाराचे. संक्रांतीस आपण तिळगूळ वाटतो, तो येथल्या ऐन थंडीत. तेव्हापासून ग्वाल्हेर-मुरैनेच्या गजकाची दुकाने गर्दीने भरलेली असतात. तीळ आणि गूळ कुटून केलेला हा पापुद्र्यांचा खुसखुशीत पदार्थ थंडीचाच सोबती. ऊन चढू लागले की त्याची मागणी घटते. माधवराव शिंद्यांच्या काळी १९०५ साली गुरांचा बाजार म्हणून सुरू झालेली ग्वाल्हेरची जत्रा हिवाळ्यात भरते, आणि तिचे तंबू उठू लागले की शहराचे थंडीचे दिवस उठले असे लोक समजतात. गाण्याच्या घरांतून याच दिवसांत बसंत आणि बहार हे राग ऐकू येतात. ग्वाल्हेर घराण्याचे थोर गवई कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) याच शहरातले. त्यांनी १९१४ साली येथे शंकर गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. हवा कशीही असो, बसंत गाइला गेला की वसंताला यावेच लागते, असे येथील रसिक हसून म्हणतात.

दूधवाल्याचे उत्तर

येथपर्यंत आमचा लेख वाचून वाचक म्हणतील, थंडी एकदाची जावी आणि वसंत लवकर यावा, हेच उत्तम. आम्हीही असेच समजत होतो. मुरारपलीकडच्या एका खेड्यातून आमच्याकडे दूध घालणारा एक वृद्ध शेतकरी येतो. फेब्रुवारीतील एका उबदार सकाळी आम्ही त्याला आनंदाने म्हटले, “चला, या वर्षी थंडी लवकर गेली!” त्याने दुधाचे माप तसेच हातात धरून उत्तर दिले, “बाबूजी, अभी पंद्रह दिन ठंड और चाहिए. नहीं तो दाना पतला रह जाएगा.”

त्याच्या या एका वाक्याने आम्ही वरमलो. आमच्या दृष्टीने थंडी म्हणजे रजईचा प्रश्न. त्याच्या दृष्टीने ती वर्षाच्या भाकरीचा. नोव्हेंबरात पेरलेला गहू फेब्रुवारी-मार्चमध्ये ओंबीत दाणा भरतो. त्या दिवसांत हवा थंड राहिली तर दाणा सावकाश भरतो आणि टपोरा होतो. एकाएकी ऊन तापले तर झाड घाईने पिकते, आणि दाणा सुरकुतलेला, हलका राहतो. रेंगाळणारी थंडी ही गव्हाची दाई आहे.

ही भीती कल्पनेतली नाही. १९०१ पासूनच्या नोंदी पाहता भारतात २०२२ चा मार्च त्या वेळेपर्यंतचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेकडील गव्हाचे उत्पन्न त्याने घटविले. युक्रेनच्या युद्धाने जगात गव्हाचे भाव आधीच चढले होते. आणि १३ मे २०२२ रोजी भारत सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. पुढल्याच वर्षी, २०२३ साली, फेब्रुवारीने दिवसाच्या उष्णतेचा तसाच उच्चांक केला. पृथ्वीची हवा तापत चालली आहे, आणि तिची झळ फुले लवकर उमलण्यापुरती राहत नाही. ती कोठारापर्यंत पोहोचते.

मोहरीची कथा आणखी नाजूक. मुरैना-भिंड हा मोहरीचा मुलूख. डिसेंबर-जानेवारीत दृष्टी पोहोचेल तेथवर शेते पिवळी झालेली असतात, आणि त्यांच्या बांधांवर मधमाश्या पाळणारे आपल्या पेट्या आणून ठेवतात. या पिकाला थंडी हवी, पण पाला, म्हणजे गोठविणारे दहिवर, नको. शांत, निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा शून्यापर्यंत उतरली की फुले आणि कोवळ्या शेंगा करपतात. म्हणून अशा संध्याकाळी शेतकरी शेताला हलके पाणी देतात आणि बांधावर धूर करतात. आभाळ फार दिवस राहिले तर मावा नावाची कीड वाढते. आणि शेंगा भरल्यावर गारा पडल्या तर सारेच संपते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अशाच गारांनी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोहोंकडे उभी पिके झोडपली होती; मराठवाड्यातील वाचकांना त्या दिवसांची आठवण करून द्यावयास नको.

तेव्हा थंडी हवी, पण बेताची. मावठ हवी, पण गारांवाचून. ऊन हवे, पण आपल्या वेळी. यांपैकी एकही गोष्ट शेतकऱ्याच्या हातात नाही. शहरातील माणूस हवेविषयी तक्रार करतो, तेव्हा ही दुसरी बाजू त्याने क्षणभर आठवावी, एवढेच आमचे सांगणे.

घरच्यांसाठी दोन शब्द

या सांध्याच्या दिवसांत घरात काय सांभाळावे, तेही सांगून ठेवतो. फेब्रुवारीत पहाट आणि दुपार यांत पंधरा-सोळा अंशांचे अंतर असते. मुलांना शाळेत पाठविताना एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत, म्हणजे ऊन चढेल तसे एकेक काढता येतात. वृद्धांना धुके निवळण्यापूर्वी फिरावयास जाऊ देऊ नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे: कोळशाची पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून कोणीही निजू नये. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. उत्तरेकडे दर हिवाळ्यात अशा दुर्घटना घडतात, आणि थंडी आता जाणारच, एक रात्र काय होणार, या समजुतीने माणूस गाफील राहतो. शेकून झाल्यावर शेगडी खोलीबाहेर काढावी. एक रजई अधिक घ्यावी. हवेची वाट मात्र बंद करू नये.

त्या वर्षी थंडी पुन्हा आली. दोन दिवस मावठ पडली, मग उत्तरेचा वारा सुटला, आणि आम्ही कुरकुर न करता रजया पांघरल्या. होळीच्या संध्याकाळी येथे नव्या पिकाच्या ओंब्या होळीच्या विस्तवावर भाजून घरोघर वाटण्याची चाल आहे. तो वृद्ध दुधाबरोबर आमच्याकरिताही एक जुडी घेऊन आला. काही न बोलता त्याने एक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर घालून तूस उडविले आणि हात आमच्यापुढे केला. दाणा टपोरा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिडी मागून आणली आणि रजया माळ्यावर ठेवल्या.